आवक चालू आहे

ई-मेल उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमची खोड अशी, की तो बिघडला तरी बंद पडत नाही. बंद पडला तर माणूस चार शिव्या हासडून निदान चहाला तरी जाईल. हा उलट जास्त जोमाने कामाला लागतो. खालच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी सरकायला लागते, तिच्या बाजूला '६,२१४ पैकी १' असं उमटतं आणि कधीच वाचून, उत्तर देऊन, छापून, फायलीला टाचून विसरलेली पत्रं ठळक अक्षरांत 'न वाचलेली' म्हणून पुन्हा रांगेत येऊन उभी राहतात.

शहापूरच्या बाजारपेठेत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हा प्रकार झाला तो ऐन जुलैत. जुलै म्हणजे आयकराची विवरणपत्रं भरायचा महिना, आणि शहापुरात जुलै म्हणजे माहुलीवर ढग टेकले की लाइट जायचा महिना. तालुक्यात कर सल्लागाराला 'वकीलसाहेब' म्हणतात, मग त्याने कोर्टाची पायरी चढलेली असो वा नसो. तर वकीलसाहेब सकाळी छत्री झटकत आत शिरले, तेव्हा कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताई खुर्ची सोडून लांब उभ्या होत्या.

"साहेब, सहा हजार मेल आलेत."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

"काय म्हणतायत?"

"तेच. मागे म्हणाले होते ते."

वकीलसाहेबांना आधी भीती वाटायला हवी होती. वाटला अभिमान. एका सकाळीत सहा हजार पत्रं येणारा माणूस बाजारपेठेत दुसरा नव्हता. त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून पडदा दाखवला. झेरॉक्सवाल्याने मान वाकडी करून पट्टीकडे पाहिलं आणि एका शब्दात निदान केलं, "व्हायरस."

पुढच्या अर्ध्या तासात ऑफिसात तज्ज्ञांची दाटी झाली. आपल्याकडे कॉम्प्युटर बिघडला की त्यावर मत द्यायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. मेडिकलवाला म्हणाला, नेट स्लो आहे. स्लो असतं तर सहा हजार कसे आले, असं ताईंनी विचारल्यावर तो न डगमगता म्हणाला, "म्हणजे फास्ट आहे. फास्ट असलं तरी असं होतं." विमा एजंटाला रॅम कमी वाटली. पावसातून आडोशाला आलेल्या एका दूधवाल्याने ताईंना "बंद करून चालू करा" एवढंच सांगितलं. संबंध दिवसात ऐकलेला हा सगळ्यात शहाणा सल्ला होता, पण तो दूधवाल्याने दिल्यामुळे कोणी मनावर घेतला नाही.

हिंजवडीच्या भाच्याला फोन लागला. तो मीटिंगमध्ये होता. मीटिंगमधून बाहेर न येता तो कुजबुजला, "काका, पॉप काढा, आयमॅप करून टाका."

"करतो," काका म्हणाले. आयमॅप ही गोळी आहे, फॉर्म आहे की पूजा, हे विचारायचं राहून गेलं.

शेवटी कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावणं गेलं. हा पोरगा शहापूर ते मुरबाड, व्हाया किन्हवली आणि सरळगाव, असा मोटरसायकलवर फिरतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एक स्क्रूड्रायव्हर, एक रॅम पुसायचा खोडरबर, चार पेनड्राइव्ह आणि एक वाक्य: "फॉरमॅट मारावा लागेल." प्रिंटर कागद ओढत नसला तरी तो हेच म्हणतो. पण या खेपेला तो तसं म्हणाला नाही. जरा गप्पच होता. कारण आदल्याच दिवशी संध्याकाळी याच ऑफिसात येऊन त्याने "सी ड्राइव्ह साफ करून दिला" होता आणि त्याचे दोनशे रुपये घेतले होते.

त्याने काय साफ केलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. हा पहिल्यांदा कागदावर आला १९८४ च्या ऑक्टोबरात. आज चालतो ती तिसरी आवृत्ती. तिचे नियम जॉन मायर्स आणि मार्शल रोज यांनी १९९६ च्या मे महिन्यात पक्के लिहून काढले. तेव्हा इंटरनेटवर चिकटून बसणं कोणाला परवडत नव्हतं. फोन लावायचा, पत्रं उचलायची, फोन ठेवायचा. नियमांत तसं साफ लिहिलंही आहे: पत्रं सामान्यपणे उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरून पुसून टाकायची. सर्व्हरला उत्तरंही दोनच शिकवली आहेत, 'प्लस ओके' किंवा 'मायनस एरर'. इतक्या थोडक्यात आणि इतकं स्पष्ट बोलणारी खिडकी अख्ख्या तालुक्यात दुसरी नाही.

मायर्स आणि रोज यांनी सगळा विचार केला, फक्त 'पुसून टाकायची' हे वाचून वकीलसाहेबांसारख्या माणसाच्या छातीत काय होतं, याचा केला नाही. प्रोग्रॅममध्ये एक चौकोन असतो: 'सर्व्हरवर प्रत राहू द्या'. हा चौकोन दिसला आणि त्यात टिक केली नाही, असा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. आपल्याकडे मूळ प्रत, कार्यालयीन प्रत, माहितीसाठी प्रत आणि असू द्या म्हणून एक प्रत, एवढं झाल्याशिवाय कागदाला कागदपण येत नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूस झेरॉक्सचीही एक झेरॉक्स काढून घेतो. ओरिजिनल घरी ठेवलेली बरी म्हणून.

पण प्रत सर्व्हरवर राहिली की नवा प्रश्न येतो. उद्या पुन्हा पेटी उघडल्यावर कुठलं पत्र कालचं आणि कुठलं आजचं, हे प्रोग्रॅमला कळणार कसं? त्यासाठी सर्व्हर प्रत्येक पत्राला एक खूण देतो, १ ते ७० अक्षरांची, कोणाची कोणाशी न जुळणारी. प्रोग्रॅम या खुणा आपल्याकडे एका फायलीत उतरवून ठेवतो. पंचायत समितीत टेबलावर आवक नोंदवही असते ना, लाल कापडी पुठ्ठ्याची, तेवढंच तिचं काम. पत्र आलं, आवक क्रमांक पडला, विषय संपला. सर्व्हरवर सहा हजार पत्रं असली तरी प्रोग्रॅम आधी नोंदवही उघडतो, क्रमांक पडलेले सोडतो आणि उरलेलीच उतरवतो. आणि ही नोंदवही हरवली, फाटली किंवा कोणी साफ केली, तर त्याच्या लेखी जगातलं एकही पत्र अजून आलेलं नसतं.

वकीलसाहेबांकडच्या थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये नोंदवहीचं नाव 'पॉपस्टेट डॉट डॅट'. ती नोटपॅडमध्ये उघडली की वरच एका ओळीत सूचना दिसते: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, तिला हात लावू नका. खाली एकेका ओळीत के हे अक्षर, पुढे ती अगम्य खूण आणि शेवटी एक लांबलचक आकडा. के म्हणजे 'ठेवा'. अशा सहा हजार ओळी. पोराने ही फाइल उघडून वाचली असती तर कदाचित थांबला असता. पण त्याने फक्त नाव वाचलं.

"डॅट म्हणजे जुना डेटा," तो म्हणाला. "जागा खात होता."

"किती?"

"अर्धा एमबी."

डिस्क पाचशे जीबीची होती.

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मात्र कोणी काही साफ केलं नव्हतं. तिथे स्टोअरच्या काकांचा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालतो, कारण वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्याच्या पलीकडे चालत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी हात जोडले, वजनकाट्याने नाही. त्यात आउटलुक एक्सप्रेस. हा प्रोग्रॅम शंभर वेळा बंद केला की एकदा विचारतो, जागा वाचवण्यासाठी पत्रं दाबून बसवू का? काका कुठल्याही खिडकीला 'ओके' म्हणतात. नाही म्हटलं तर काय होईल सांगता येत नाही, असं त्यांचं मत. त्या दिवशीही ते 'ओके' म्हणाले आणि पत्रं निम्मी दाबून झाली असताना लाइट गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी इतकी जुनी, की लाइट गेली की तो फक्त किंचाळायचा. लाइट आल्यावर एक्सप्रेसची नोंदवही, म्हणजे 'पॉप-थ्री-यूआयडीएल डॉट डीबीएक्स', वाचण्याच्या लायकीची उरली नव्हती. मग काय, आवक पहिल्यापासून.

लाइटीचा आणि पॉपचा आणखी एक संबंध आहे, आणि तो नियमांतच लिहून ठेवला आहे. प्रोग्रॅमने सर्व्हरला 'हे पत्र पूस' असं सांगितलं, तरी सर्व्हर लगेच पुसत नाही. तो नुसती खूण करतो. प्रोग्रॅमने शेवटी 'क्विट' म्हणजे 'निघतो' असं रीतसर म्हटल्यावरच तो पुसायला घेतो. मध्येच तार तुटली, लाइट गेली, मोबाइलची रेंज डोंगराआड गेली आणि निरोप घ्यायचा राहिला, तर त्याने एकही पत्र पुसायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. पाहुणा न सांगता गेला म्हणजे तो आलाच नव्हता! शिवाय पेटी तेवढा वेळ कुलूपबंद. लाइट आल्या आल्या काका परत गेले, तर सर्व्हर सांगतो, आत दुसरं कोणीतरी आहे. ते दुसरं कोणीतरी म्हणजे मघाचे काकाच. मुकाट बसलेल्या गिऱ्हाइकाला किमान दहा मिनिटं तरी बाहेर काढायचं नाही, हाही नियम. त्यामुळे दहा मिनिटं काका स्वतःच बाहेर यायची वाट बघत बाहेर बसतात. तोवर लाइट पुन्हा जाते.

तसं मुरबाडला आधुनिक होण्याचं वावडं नाही. २०१६ हे एकच साल घ्या. फेब्रुवारीत रेल्वेच्या अर्थसंकल्पात कल्याण–मुरबाड मार्गाचं नाव आलं. ८ मार्चला फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या आणि देशोदेशीचे कॅमेरे गावात आले. सप्टेंबरात जिओ आलं आणि महिन्याला एक जीबी पुरवून वापरणाऱ्या डोंगलची सद्दी संपली. १ डिसेंबरला धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. वडापाव, भाजी, किराणा, सगळीकडे कार्ड घासायची यंत्रं बसली. पुढे यथावकाश रोकड धसईला परत आली, रेल्वेमार्गाची बातमी दर थोड्या वर्षांनी नव्याने येते आणि मुरबाडकर कल्याणला एसटीनेच जातो. उजळणी फळली ती फक्त आजीबाईंना. एकच अक्षर त्यांनी शंभर वेळा गिरवलं तर त्याला जिद्द म्हणतात. थंडरबर्डने केलं की दुरुस्तीवाला बोलावतात.

जुनी पत्रं पुन्हा आली, यात तसं वाईट काही नव्हतं. वाईट हे, की माणसं त्यांच्यावर कामाला लागली.

वकीलसाहेबांकडे सहा हजारांत एक नोटीस होती. ताईंनी नाव वाचलं आणि सवयीने फोन केला. किन्हवलीकडचे ते गृहस्थ भर पावसात, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल आणि खिशात रक्तदाबाची गोळी घेऊन हजर झाले.

"अहो, ही तर २०१९ ची," वकीलसाहेब म्हणाले.

"मग तेव्हा का नाय बोलवलंत?"

"बोलावलं होतं. तुम्ही आला होता."

"मग आज?"

"आज ती परत आली."

गृहस्थांनी पिशवी घट्ट धरली. "म्हणजे फी पण परत?"

कारखान्यात स्टोअरच्या काकांना चारशे खोक्यांची ऑर्डर दिसली. ठळक अक्षरांत, न वाचलेली, वर 'अर्जंट'. काकांनी टेम्पो भरून माल धाडला. पलीकडच्या कंपनीत ज्यांनी ती ऑर्डर काढली होती, ते साहेब एव्हाना रिटायर होऊन नातवंडं सांभाळत होते. गेटवरच्या माणसाने ऑर्डरचा कागद उलटून पालटून पाहिला. "सही आहे ना? मग घ्या उतरवून." माल उतरला, पोच मिळाली, बिलही पास झालं. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही, कारण सगळी कागदपत्रं बरोबर होती.

एका ग्रामपंचायतीत तर याहून सुरळीत पार पडलं. तिथे 'अति तातडीचे' अशा मथळ्याचं प्रशिक्षणाचं पत्र खाली उतरलं. सोबत त्याचं स्मरणपत्र क्रमांक एक, दोन आणि तीन. स्मरणपत्राचं कामच मुळी पुन्हा पुन्हा येणं, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. तारीख होती, वार होता, साल बघायची कोणाला सवय नसते. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी पहाटे आसनगाव गाठलं, उभ्याने लोकलचा प्रवास केला आणि ठाण्याला सभागृहात जाऊन पोहोचले. तिथे खरोखरच एक प्रशिक्षण चालू होतं. वेगळ्याच विषयाचं. भाऊसाहेबांनी हजेरीपत्रकावर सही केली, पेन, वही आणि झोळी घेतली, दुपारी पुरी-भाजी खाल्ली आणि परतीच्या गाडीत खिडकी मिळवली. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी विचारलं, "काय शिकवलं?"

"तेच. मागच्या वेळचंच."

आणि यात एक शब्दही खोटा नव्हता.

इकडे शहापुरात पोराने कंबर कसली होती. त्याने पत्रं पुन्हा उतरवायला लावली, म्हणजे नोंदवही नव्याने तयार होईल आणि प्रश्न सुटेल. हिशोब बरोबर होता. '६,२१४ पैकी १' पासून पट्टी निघाली आणि '१,८७३' वर येऊन थबकली. थोडा वेळ तशीच राहिली, मग चूक दाखवून बंद पडली. पुन्हा चालू केलं. पुन्हा एकपासून. पुन्हा १,८७३. निरोप घेतला नाही, म्हणून नोंद झाली नाही. नोंद झाली नाही, म्हणून आधीची १,८७२ परत. एव्हाना त्यातल्या प्रत्येक पत्राच्या तीन-तीन प्रती झाल्या होत्या आणि ऑफिसातल्या कोणालाही त्याचं मनातून फारसं वाईट वाटत नव्हतं.

१,८७३ वर काय आहे, हे बघायला ब्राउझरमधून सर्व्हरवरची पेटी उघडावी लागली. एका अशिलाने आपल्या नव्या हॉटेलच्या उद्घाटनाचे फोटो पाठवले होते. सव्वीस फोटो, एका मेलमध्ये, न आवळता. मूळ आकारात. प्रत्येक फोटोत पाहुण्यांच्या हातात कात्री आणि वकीलसाहेब मागच्या रांगेत अर्धे. मधला अँटिव्हायरस हे गाठोडं तपासायला म्हणून थांबवून धरायचा, तेवढ्यात सर्व्हर कंटाळून तार सोडायचा.

"हा डिलीट करू?" पोराने विचारलं.

"थांब. मी आहे त्यात."

"अर्धे आहात, साहेब."

"असू दे. पेनड्राइव्हवर घे आधी."

शहापूरच्या माणसाला 'जाऊ दे, पुसून टाक' असं म्हणायला जड का जातं, याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. तालुक्याचं पाणी १८९२ पासून तानसाच्या धरणातून खाली मुंबईला उतरतंय. पुढे वैतरणा आली, भातसा आली. एकट्या भातसाच्या जिवावर मुंबईची जवळपास निम्मी तहान भागते. या सगळ्या वर्षांत खाली गेलेला एक थेंबही परत वर आलेला नाही, आणि एप्रिल-मेमध्ये धरणांच्या उशालाच गावं टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. गेलेलं काहीतरी न मागता परत येतंय, तेही सहा हजारांच्या संख्येने, हे इथे सहज नाकारवत नाही.

दुपारी भाचा मीटिंगमधून सुटला आणि एनीडेस्कवरून ऑफिसात अवतरला. माउसचा बाण आपोआप फिरू लागल्यावर ताईंनी हात पदराखाली घेतले. भाच्याने सुरुवात सोप्यापासून केली.

"काका, याच पत्त्याचं खातं दोनदा का घातलंय?"

"एक बिघडलं तर असावं म्हणून."

"म्हणून नेहमीच प्रत्येक मेल दोनदा येत होता!"

"हो, मला वाटायचं लोक तत्पर आहेत."

भाच्याने एक खातं काढलं. अँटिव्हायरसने पत्रं वाटेत अडवू नयेत, अशी सोय केली. नोंदवहीची एक प्रत काढून बाजूला ठेवली. या गोष्टीला काकांनी पहिल्यांदाच मनापासून दाद दिली. मग तो 'सर्व्हरवर प्रत राहू द्या' या चौकोनाशी आला. त्याखाली आणखी एक चौकोन होता.

"चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका, असं करू?"

वकीलसाहेब विचारात पडले. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "चौदा? म्हणजे तेरावं उरकलं की दुसऱ्या दिवशी. चालेल. हे पद्धतशीर आहे."

"पण काका, खरं तर आयमॅपच करायला हवं. मार्क क्रिस्पिनने १९८६ मध्ये, स्टॅनफर्डला असताना केलेली युक्ती आहे ती. पत्रं सर्व्हरवरच राहतात, आपण फक्त बघायची. घरी, ऑफिसात, मोबाइलवर, सगळीकडे तीच पेटी."

"मग तिथे असं होत नाही?"

भाचा जरा थांबला. खोटं बोलायची त्याच्या नोकरीत सवय नव्हती. "होतं कधीकधी. प्रत्येक फोल्डरला एक वैधतेचा आकडा असतो. सर्व्हरवाल्यांनी घर बदललं आणि तो आकडा बदलला, की प्रोग्रॅमने जवळचं सगळं रद्द धरायचं आणि पहिल्यापासून उतरवायचं, असा नियम आहे."

"म्हणजे तिथेही तेच."

"तेच, पण नियमाने."

"मग पॉपच बरा," काका म्हणाले. "निदान ओळखीचा आहे."

संध्याकाळी पोराने दोनशे रुपये मागितले. वकीलसाहेबांनी काल दिलेत अशी आठवण करून दिली. ते बिघडवायचे होते, हे दुरुस्तीचे, असं पोराने प्रामाणिकपणे सांगितल्यावर सौदा शंभरात तुटला. तिप्पट झालेली पत्रं शोधून काढणारं एक जोड-सॉफ्टवेअर त्याने बसवून दिलं. ते बिचारं रात्रभर चाललं आणि सकाळी त्याने विचारलं: साडेबारा हजार जादा प्रती सापडल्या आहेत, काढून टाकू? ताईंनी 'ओके' दाबायच्या आत वकीलसाहेबांनी त्यांचा हात धरला, 'जादा प्रती' नावाचा नवा फोल्डर करायला लावला आणि सगळं तिकडे हलवलं.

त्यानंतर प्रोग्रॅम सुतासारखा सरळ झाला. आणि ऑफिसात एक नवीनच अडचण उभी राहिली. सकाळी उघडावं तर चार मेल. त्यातले दोन बँकेचे, एक कर्ज हवंय का विचारणारा, एक अशिलाचा 'ओके सर'. पट्टी सरकायची नाही. कोपऱ्यात आकडा चढायचा नाही. ताई दर पाच मिनिटांनी 'मेल घ्या'चं बटण दाबायच्या आणि प्रोग्रॅम दर वेळी तेच सांगायचा, नवीन काही नाही. झेरॉक्सवाला दारातून डोकावून "आज किती?" विचारायचा आणि उत्तर ऐकून गप्प परत जायचा. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी पोराला फोन लावला. तो तेव्हा सरळगावच्या नाक्यावर भजी खात होता.

"अरे, मेल बंद पडलाय आमचा."

"साहेब, चालू आहे. मी आत्ता एक टाकतो, बघा." पोराने हात पुसले, मोबाइलवरून विषयात 'टेस्ट' लिहून मेल पाठवला. "आला?"

तिकडे बराच वेळ शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज. ताईंशी काहीतरी बोलणं.

"आला," वकीलसाहेब म्हणाले. "पण एकदाच आला."

"मग?"

"मग काही नाही. तेवढा परत एकदा पाठव. खात्री झालेली बरी."